सोसायटी अधिकृत (फक्त महत्त्वाच्या सूचना)

गोखले ए-५०२: नमस्कार. गणेशोत्सवाच्या आनंदमेळ्यात कॉम्प्युटर गेमचा जो स्टॉल लागणार आहे, तो गेम आज क्लब हाउसमध्ये मुलांना खेळून बघायला दिला होता. नातवाने घरी येऊन सांगितले की त्यात पार्किंगच्या मागे एक चोरखोली आहे, आणि त्या खोलीत चौकटीचा शर्ट घातलेला, शिट्टी फुंकणारा एक राक्षस आहे. त्याला हरवल्याशिवाय पार्किंग मिळत नाही. सोसायटीत चौकटीचा शर्ट कोण घालतो आणि शिट्टी कोण वाजवतो, हे मी सांगायला नको. माझा प्रश्न एवढाच आहे. यासाठी कमिटीची परवानगी घेतली होती का?

काळे बी-३०४: काका, राक्षसाला लाइफ किती आहेत?

शिंदे सेक्रेटरी: काळे, प्लीज. काका, मी बाहेर आहे. उद्या बघतो.

गोखले ए-५०२: मागच्या वर्षी "बघतो" म्हणालात तेव्हा मांडव गेटात आला होता.

देशमुख सी-७०२: गोखले साहेब, गेम माझ्या मुलीने केला आहे. कॉलेज सांभाळून, रात्री जागून. वर्गणीतला एक रुपया घेतलेला नाही. कौतुक राहिलं बाजूला.

गोखले ए-५०२: कौतुक आहेच. परवानगी घेतली होती का?

पेंडसे वहिनी बी-२०३: चोरखोली म्हणजे नक्की काय? गेममध्ये असं लपवलेलं काही असतं का? अर्णव सातवीत आहे हो. मुलं तासन् तास त्यात डोकं घालून बसतात, आत काय दडवलंय ते आपल्याला कळणार कसं?

निखिल सी-११०४: वहिनी, घाबरू नका. ही फार जुनी रीत आहे. १९८० मध्ये अटारी कंपनीचा 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचा गेम आला. त्या काळी कंपनी गेम बनवणाऱ्याचं नाव कुठेच छापत नसे. वॉरन रॉबिनेट या पठ्ठ्याने काय केलं, गेममध्ये एक गुप्त खोली ठेवली आणि तिच्यात स्वतःचं नाव लिहिलं. ती उघडायला एक करडा ठिपका सापडावा लागतो, जेमतेम एका पिक्सेलचा, तोही पार्श्वभूमीच्याच रंगाचा. कंपनीत कोणाला पत्ता नव्हता. अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाला ती खोली सापडली आणि त्याने कंपनीला पत्र लिहिलं. तोपर्यंत रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. मग कंपनीनेच ठरवलं की अशा गमती मुद्दाम ठेवायच्या. त्यांना ईस्टर एग म्हणतात.

काळे बी-३०४: अंडं हा शब्द मांडवाच्या संदर्भात नको. जोशी काकू ऑनलाइन दिसताहेत.

जोशी काकू ए-१०१: दिसतेय मी. वाचतेय सगळं.

पटवर्धन बी-९०१: गेममध्ये बी विंगच्या लिफ्टला "बंद आहे" अशी पाटी आहे म्हणे. म्हणजे कॉलेजच्या मुलीलाही माहीत आहे. कमिटीला कधी कळणार?

शिंदे सेक्रेटरी: पटवर्धन साहेब, पार्ट येतोय.

पटवर्धन बी-९०१: होळीपासून येतोय.

देशमुख सी-७०२: निखिल, नीट समजावून सांगितलंस. सईनेही त्यात स्वतःचं नाव फक्त एका कोपऱ्यात ठेवलंय.

गोखले ए-५०२: तिने स्वतःचे नाव जरूर ठेवावे. माझे डोके का ठेवले? परवानगी घेतली होती का?

निखिल सी-११०४: काका, डोक्यावरून एक किस्सा आठवला, नंतर सांगतो. आधी वहिनींचं. वहिनी, तुमची काळजी अगदीच बिनबुडाची नाही, हेही खरं. २००४ च्या 'जीटीए सॅन आंद्रेआस'मध्ये बनवणाऱ्यांनी एक अश्लील भाग बंद करून टाकला होता, पण डिस्कवरून काढला नव्हता. २००५ मध्ये एकाने तो खटका शोधून उघडला. एवढा गदारोळ झाला की अमेरिकेतल्या रेटिंग मंडळाने गेम थेट 'फक्त प्रौढांसाठी' ठरवला आणि मोठ्या दुकानांनी तो फळीवरून उतरवला. पण ती कोणी शोधावी म्हणून ठेवलेली गंमत नव्हती, मागे राहिलेला कचरा होता. आणि अर्णवचं म्हणाल तर जीटीए मुळातच सातवीच्या मुलाचा गेम नाही.

पेंडसे वहिनी बी-२०३: जीटीए काय आहे ते बघते. त्याच्या लॅपटॉपवर ही अक्षरं मी पाहिली आहेत.

काळे बी-३०४: निखिल, अर्णव उद्यापासून तुझ्याशी बोलणार नाही.

निखिल सी-११०४: 😬 आम्ही पण त्याच्याच वयात खेळलो हो. 'व्हाइस सिटी', जीटीएचाच, २००२ चा. कॅफेवाल्याकडे तासावर पैसे, शेजारच्या खुर्चीवर पुढचा नंबर लावून बसलेला मित्र, आणि वहीच्या शेवटच्या पानावर चीट कोड. त्या गेममध्ये हेलिकॉप्टरने गच्चीवर उतरून एका खिडकीतून बरोबर उडी मारली की आत नुसतं एक मोठं चॉकलेटचं अंडं, त्यावर "हॅपी ईस्टर". आम्हाला वाटायचं यातून गाडी मिळणार. काही मिळत नाही.

पण खरी गंमत वेगळीच. त्यातला बंगला, तो जिना, ती शेवटची मारामारी, सगळं 'स्कारफेस' या १९८३ च्या सिनेमाची नक्कल होती. शहर म्हणजे ऐंशीच्या दशकातलं मायामी. त्यातला लान्स व्हान्स ज्याच्या आवाजात बोलतो तो फिलिप मायकल थॉमस म्हणजे 'मायामी व्हाइस' या मालिकेचा हिरो. आम्हाला यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं. पुढे कॉलेजात 'स्कारफेस' पाहिला तेव्हा मित्र म्हणाला, "अरे, यांनी तर गेमची कॉपी मारलीय!"

काळे बी-३०४: 😂 विडंबन आधी, मूळ नंतर. आपल्याकडे रिमेक बघणाऱ्यांचं तेच होतं.

जोशी काकू ए-१०१: आनंदमेळ्याला स्टॉल लावणाऱ्यांनी नावे उद्यापर्यंत द्यावीत. भेळेचा स्टॉल एकच राहील. 🙏

गोखले ए-५०२: विषयांतर होत आहे. परवानगी घेतली होती का?

देशमुख सी-७०२: गोखले साहेब, एकच गोष्ट चौथ्यांदा लिहून काय मिळतंय? आणि परवानगीचंच बोलायचं तर व्हिजिटर पार्किंगमध्ये तुमच्या जुन्या गाडीला कव्हर घालून ती किती वर्षं उभी आहे, त्याची परवानगी कोणी दिली?

गोखले ए-५०२: तो ठराव २०१४ च्या सर्वसाधारण सभेत झाला आहे. मिनिट्स काढून बघा. तुम्ही त्या सभेला नव्हता. कोणत्याच नसता.

देशमुख सी-७०२: *हा मेसेज डिलीट करण्यात आला*

काळे बी-३०४: देशमुख, मी वाचला होता. चांगला होता.

शिंदे सेक्रेटरी: सर्वांना विनंती, वैयक्तिक नको. निखिल, काहीतरी लिही.

निखिल सी-११०४: लिहितो. काळे साहेब, तुमच्यासाठी. 'हिटमॅन २' हा २०१८ चा गेम, डेन्मार्कच्या कंपनीचा. त्यात एक अख्खा टप्पा मुंबईत आहे. चाळी, धोबीघाट, न्हावी, रेल्वेचं यार्ड आणि मधोमध अर्धवट बांधलेला टॉवर. टॉवरचा मालक दाऊद रंगन हा बॉलिवूडचा निर्माता, आणि स्वतःच्या सिनेमात हिरोही स्वतःच. सरळसरळ हिंदी सिनेमावाल्यांची टिंगल. तिथे तीन जणांना संपवायचं असतं. त्यातला तिसरा जुना समुद्री चाचा, ज्याचा चेहरा कोणालाच माहीत नाही, आधी गर्दीतून ओळखून काढावा लागतो. त्याचं नाव वझीर काळे.

काळे बी-३०४: काय?? काळे?

निखिल सी-११०४: काळे. तो न्हाव्याकडे दाढीला येतो, तिथे आपण न्हावी बनून उभं राहायचं.

पटवर्धन बी-९०१: म्हणूनच मेंटेनन्स मागायला गेलं की हे सापडत नाहीत.

काळे बी-३०४: पटवर्धन, मेंटेनन्स भरलाय. पावती दाखवू? पण डेन्मार्कच्या माणसाला काळे आडनाव सुचावं, हे भारीच. बायकोला सांगितलं, म्हणाली, "चाचा शोभतोस."

गोखले ए-५०२: काळे यांना आनंद झाला कारण तो चाचा त्यांच्यासारखा दिसत नाही. नुसते आडनाव सारखे आहे. इथे शर्ट, शिट्टी, चष्म्याची दोरी, सगळे आहे. दोन्हीत फरक आहे.

निखिल सी-११०४: हा मुद्दा काकांचा बरोबर आहे. म्हणून तर मोठ्या गेममध्ये खऱ्या माणसाला आणायचं तर त्याला विचारून, पैसे देऊन आणतात. २०२० च्या 'सायबरपंक २०७७'मध्ये हॉलिवूडचा नट कियानू रीव्ह्ज आहे, तो रीतसर करार करून. आणि टिंगल करायची तर नाव बदलून. 'जीटीए ५'मध्ये फेसबुकसारखी एक कंपनी आहे, नाव लाइफइन्व्हेडर. सगळ्यांना कळतं, कोर्टात काही सिद्ध होत नाही.

देशमुख सी-७०२: सईनेही नाव "गोखले" ठेवलेलं नाही. "पार्किंगासुर" आहे.

काळे बी-३०४: 👏👏

गोखले ए-५०२: टाळ्या वाजवू नयेत.

पेंडसे वहिनी बी-२०३: पण भावना दुखावतात हो कोणाच्या. गेमवाल्यांना त्याचं काही नसतं का?

निखिल सी-११०४: कधीकधी असतं. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'फॉलआउट ३' भारतात आणलाच नाही, कारण दिलं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं. त्यात किरणोत्सर्गाने दोन डोक्यांच्या झालेल्या गायी आहेत आणि त्यांना नाव ब्राह्मिन. कंपनीने नेमकं बोट कशावर ठेवलं नाही, पण सगळ्यांनी अंदाज तोच बांधला.

पटवर्धन बी-९०१: हे म्हणजे आता

शिंदे सेक्रेटरी: थांबा. जातीचा विषय या ग्रुपवर नाही. पुढचा मेसेज त्यावर आला तर मी ग्रुप बंद करेन.

पटवर्धन बी-९०१: मी गायींविषयीच लिहीत होतो. असो. लिफ्टचं सांगा.

जोशी काकू ए-१०१: आपल्या पुण्यात पण गेम बनतात. माझ्या भाच्याचा मित्र त्या लाइनीत आहे. पुण्याच्या कंपनीने देवीवर गेम काढला होता, सगळ्या जगात गेला.

निखिल सी-११०४: हो काकू, 'राजी', २०२० चा. नॉडिंग हेड्स गेम्स, पुण्याचेच. दुर्गेचा आशीर्वाद मिळालेली मुलगी भावाला शोधायला निघते. सुंदर आहे, अर्णवला तो द्या.

सई देशमुख: हाय. बाबांनी सांगितलं नव्हतं मला ग्रुपमध्ये घेतलंय ते 😅 सगळं वाचलं. गोखले आजोबा, चोरखोली मीच ठेवली. गच्चीवरच्या टाकीवर पण एक पाटी आहे, "इथे काहीही लपवलेलं नाही. खाली जा." ती 'सॅन आंद्रेआस'मधल्या पुलावरच्या पाटीवरून घेतलीय. तिथे पण इतक्या वर चढून गेलं की असाच अपमान होतो. मुलं टाकीपाशी जाऊन हसतात.

गोखले ए-५०२: सई, तुझ्यावर राग नाही. पण माहिती तरी बरोबर घ्यायची. माझा शर्ट निळ्या चौकटीचा आहे, तू लाल दाखवला आहेस. आणि तो राक्षस म्हणतो, "ए, गाडी काढ." मी आयुष्यात कोणाला एकेरी बोललेलो नाही. मी म्हणतो, "अहो, जरा गाडी घेता का."

देशमुख सी-७०२: माझ्या मेव्हण्याला "घेता का" नव्हतं म्हटलं.

गोखले ए-५०२: तुमचे मेव्हणे रॅम्पवर गाडी लावून नाटकाला गेले होते. संगीत नाटक होते, तीन अंकी.

काळे बी-३०४: 😂😂😂

सई देशमुख: शर्ट निळा करते. वाक्यही बदलते. पण राक्षस राहणार. त्याच्याशिवाय तो लेव्हल खूपच सोपा होतो.

निखिल सी-११०४: काका, तो डोक्याचा किस्सा. १९९४ चा 'डूम २'. शेवटचा राक्षस म्हणजे भिंतीएवढं तोंड. त्याच्या आत, दिसणार नाही अशा जागी, सहकाऱ्यांनी गंमत म्हणून गेम बनवणाऱ्यांपैकीच एकाचं, जॉन रोमेरोचं, मुंडकं खांबावर ठेवलं. गोळ्या खरं तर त्यालाच लागतात. रोमेरोला ते सापडलं. चिडला नाही. त्याने स्वतःच्या आवाजात एक वाक्य रेकॉर्ड करून उलटं करून घातलं. राक्षस काहीतरी अगम्य बडबडतो, ते सुलटं ऐकलं की कळतं, "जिंकायचं असेल तर मला, जॉन रोमेरोला, मारावं लागेल."

काळे बी-३०४: वा.

पटवर्धन बी-९०१: लिफ्ट?

गोखले ए-५०२: आवाज घरी मोबाइलवर रेकॉर्ड केला तर चालतो का?

सई देशमुख: चालतो आजोबा!! पंखा बंद करून करा. शिट्टी पण पाठवा, मी नेटवरची वापरलीय, ती क्रिकेटच्या मॅचमधली वाटते.

गोखले ए-५०२: माझी पितळी आहे. तिचा आवाज वेगळा.

शिंदे सेक्रेटरी: चला, मिटलं. धन्यवाद सर्वांचे.

पेंडसे वहिनी बी-२०३: एक मिनिट. सहा वर्षं सांस्कृतिक समिती मी बघतेय. हळदीकुंकू, कोजागिरी, सगळं. पार्किंग आहे, लिफ्ट आहे, पाण्याची टाकीसुद्धा आहे. मी या गेममध्ये कुठेच नाही?

जोशी काकू ए-१०१: मी पण विचारणार होते. बोलले नाही.

काळे बी-३०४: वझीर काळे आला तरी चालेल. दाढी करत बसलेला.

सई देशमुख: पेंडसे काकू, तुम्ही आहात. अजून कोणाला सापडला नाहीत एवढंच.

पेंडसे वहिनी बी-२०३: कुठे??

निखिल सी-११०४: हे भारी केलंस. २००९ च्या बॅटमॅनच्या 'अर्कहम असायलम'मध्ये असंच झालं होतं. पुढच्या गेमचे नकाशे एका बंद खोलीत टांगून ठेवले होते. भिंतीला काही खूण नाही, स्फोटकं लावून फोडली तरच उघडते. कित्येक महिने कोणाला सापडली नाही, शेवटी कंपनीनेच सांगून टाकलं.

काळे बी-३०४: म्हणजे आपलं डीम्ड कन्व्हेयन्स, जमीन सोसायटीच्या नावावर होण्याचं.

शिंदे सेक्रेटरी: काळे.

पेंडसे वहिनी बी-२०३: सई, साडी कोणती आहे तेवढं सांग. अर्णवला आत्ताच खाली पाठवते शोधायला.

शिंदे सेक्रेटरी: वहिनी, क्लब हाउस बंद केलंय. किल्ली गोखले काकांकडे आहे.

गोखले ए-५०२: उद्या सकाळी दहा वाजता उघडेन. चपला बाहेर काढाव्यात. रांगेत यावे.