मदत हवी आहे: घोट्याजवळचं हाड मोडलंय, सूज आहे म्हणून प्लेटचं ऑपरेशन लांबवलंय. थांबल्याने जंतुसंसर्ग होईल का?

पांझराकाठ (शुक्रवार, रात्री)

नमस्कार मंडळी. मी धुळ्यात राहते. माझे मोठे भाऊ, वय ४८, पारोळा तालुक्यात शेती करतात. गेल्या रविवारी संध्याकाळी जिनिंगमध्ये कापूस खाली करताना ते भरल्या ट्रॉलीवरून थेट पायांवर काँक्रीटवर पडले. उजव्या पायाच्या नडगीचं हाड खाली घोट्याच्या सांध्यापर्यंत फुटलंय, शेजारचं बारीक हाडही मोडलंय. आतल्या बाजूने हाडाचं टोक कातडीतून बाहेर आलं होतं. जखम बोटाच्या पेराएवढी.

१०८ने आधी ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे लगेच धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, शिरेतून अँटिबायोटिक दिलं, पायाला प्लास्टरचा स्लॅब बांधला. मग धुळ्याला खासगी दवाखान्यात आणलं. त्याच रात्री भूल देऊन जखम धुतली आणि बाहेरून सळया लावल्या, फिक्सेटर म्हणतात तो. दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन झाला. कागदावर ‘ओपन ग्रेड २’ लिहिलंय.

आता डॉक्टर म्हणतात, प्लेट सूज उतरल्यावरच बसवू. आठ दिवस लागतील, पंधराही लागतील. पायावर फोड आलेत, काहींत पाणी, दोन फोडांत रक्त. आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन मंगळवारीच बंद केलं! यानेच घरात सगळ्यांचा धीर सुटलाय. आमचे चुलते, आप्पा, रोज म्हणतात, “हाड बाहेर आलेलं आणि डॉक्टर नुसता वाट पाहतो? सडी जाई पाय.” आमच्या गावात एकाचा पाय मोटरसायकलच्या अपघातात चेंदला होता. हाड उघडं, जखम नुसत्या पट्टीवर ठेवली होती, शेवटी गुडघ्याखाली कापावा लागला. आप्पांनी तो माणूस जवळून पाहिलाय, त्यामुळे त्यांना गप्प बसवणं मला जमत नाही आणि पटतही नाही. दुसऱ्या शहरातल्या एका हॉस्पिटलला फोन केला तर ते म्हणाले, “घेऊन या, उद्याच करून टाकू.”

दादांना शुगर आहे, दाखल झाले तेव्हा २६० होती. तंबाखू दिवसभर तोंडात. रात्री मला हळूच विचारतात, “मना पाय वाची जाई ना?” मी काय सांगू?

थांबण्याने संसर्गाचा धोका वाढतो का? इंजेक्शन बंद करणं बरोबर आहे का? त्यांना हलवावं का? कृपया ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा, रविवारपर्यंत ठरवायचं आहे.

तापीथडी

ताई, धीर धरा. माझ्या वडिलांचं गुडघ्याखालचं हाड असंच सांध्यापर्यंत फुटलं होतं, जळगावात ऑपरेशन झालं, त्यांनाही सूज उतरेपर्यंत सळयांवर ठेवलं होतं. आज ते शेतात जातात. एक व्यवहाराचं सांगतो. दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला आजच भेटा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. मधेच दवाखाना बदलला तर मंजुरीचं काय होतं, तेही त्यालाच विचारून घ्या.

केळीबाग

आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला हाडवैद्य आहेत, लेप लावून पट्टी बांधतात. पुष्कळांना गुण आलाय. एकदा दाखवून तर बघा.

मुक्काम_अमळनेर

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. पाय पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही इतकं व्यवस्थित लिहिलंय की पुष्कळ काही सांगता येईल.

केळीबाग, तुम्ही आपुलकीने सुचवलंत हे कळतं, पण इथे नको. हाड बाहेर येऊन गेलेल्या पायावर लेप आणि आवळून पट्टी म्हणजे जखमेत जंतू आणि सुजलेल्या पायाचा रक्तपुरवठा बंद. असे काळे पडलेले पाय मी पाहिलेत, ते वाचवता आले नाहीत.

ताई, तुमच्या भावाचं पहिलं ऑपरेशन रविवारी रात्रीच झालंय. उघड्या फ्रॅक्चरमध्ये घाई कशाची असते? अँटिबायोटिकची, शक्यतो पहिल्या तासाभरात. ते ग्रामीण रुग्णालयातच मिळालं, माझ्या मते आतापर्यंतची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. मग जखम उघडून मेलेला भाग काढणं, भरपूर सलाईनने धुणं आणि हाड हलणार नाही असं धरून ठेवणं. तेही झालं. पूर्वी आम्हाला शिकवायचे की सहा तासांत धुतलंच पाहिजे. त्या नियमाचं मूळ १८९८ सालच्या गिनीपिगवरच्या प्रयोगात आहे. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की अँटिबायोटिक लवकर दिलं असेल आणि जखम साधारण चोवीस तासांच्या आत नीट साफ झाली असेल, तर एकदोन तास इकडेतिकडे झाल्याने संसर्ग वाढत नाही. शेणमातीने भरलेली जखम, तुटलेली रक्तवाहिनी किंवा आतून दाब वाढलेली पोटरी असेल, तर मात्र तासभरही थांबत नाहीत.

प्लेटचं गणित वेगळं आहे. घोट्याजवळ नडगीवर मांस जवळजवळ नाहीच, कातडी आणि लगेच हाड. उंचावरून पायांवर पडल्यावर हाडाइतकाच मार त्या कातडीला बसतो, तो दोनचार दिवस उमलत राहतो. तुम्हाला दिसतायत ते फोड म्हणजे तोच मार. रक्ताचा फोड पाण्याच्या फोडापेक्षा खोल असतो, तिथून चीर घेत नाहीत. अशा कातडीवर चीर देऊन प्लेट बसवली तर टाके उकलतात, प्लेट उघडी पडते आणि जंतू हाडात जातात. एके काळी असे सांधे लगेच उघडून प्लेट बसवत. जखमा इतक्या चिघळल्या की पद्धत बदलावी लागली. १९९९ साली दोन टप्प्यांची पद्धत छापून आली, आधी सळया आणि मग सूज उतरल्यावर प्लेट, आणि आता बहुतेक ठिकाणी हीच वापरतात. दहा दिवस ते तीन आठवडे लागू शकतात. म्हणजे तुमच्या भावाच्या पायात संसर्गाचा धोका घाईने वाढेल, थांबल्याने कमी होईल.

आप्पांची भीती मात्र खोटी नाही. त्यांनी पाहिलेला पाय वेगळा होता. उघड्या फ्रॅक्चरची जखम किती गंभीर हे सांगणारी ग्रेडची पद्धत गस्टिलो आणि अँडरसन या डॉक्टरांनी १९७६ साली मांडली. ग्रेड १ मध्ये संसर्ग शंभरात शून्य ते दोन जणांना, ग्रेड २ मध्ये दोन ते दहा, आणि ग्रेड ३ मध्ये दहापासून पन्नासपर्यंत, असं साधारणपणे धरतात. ग्रेड ३ च्या वाईट प्रकारांत कातडी-मांस उडून हाड उघडं राहतं. तिथे वाट पाहायची नसते. प्लास्टिक सर्जनकडून मांस आणि कातडी सरकवून ते हाड जमल्यास तीन दिवसांत आणि फार तर आठवड्यात झाकावं लागतं. म्हणून उद्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: जखम बंद झाली आहे ना, आत कुठे हाड दिसत नाही ना? उत्तर ‘बंद आहे, कोरडी आहे’ असेल तर घाई करण्याचं कारण उरत नाही.

इंजेक्शन बंद केलं ते बरोबर. ग्रेड २ मध्ये ते साधारण एक दिवस देतात. सूज आहे तोवर चालू ठेवल्याने संरक्षण वाढत नाही, औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात. प्लेटच्या दिवशी चीर देण्याआधी पुन्हा देतीलच.

हलवण्याबद्दल. दुसरं मत जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण माणूस पाठवण्याआधी सीटीची सीडी आणि आजच्या कातडीचे फोटो पाठवा. ‘उद्याच करू’ म्हणणाऱ्यांनी कातडी पाहिलेलीच नाही. फोटो पाहून चीर कुठून घेणार ते विचारा.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत, शुगर आणि तंबाखू. ऑपरेशनच्या आसपास शुगर १८०च्या खाली राहिली तर बरं, गोळ्यांनी जमलं नाही तर इन्सुलिनला नाही म्हणू नका. तंबाखूचं कळकळीने सांगतो. अमेरिकेत पायाच्या गंभीर जखमांचा मोठा अभ्यास झाला, त्यात धूम्रपान करणाऱ्यांना संसर्ग दुपटीहून जास्त आढळला. तंबाखू चघळली तरी निकोटिन रक्तात जातंच आणि त्या पातळ कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात. आजपासून पूर्ण बंद.

ताप, जखमेतून पू किंवा वास, पसरत जाणारी लाली, बधिर किंवा थंड बोटं, औषध देऊनही असह्य होत जाणारी कळ, बोटं नुसती वर ओढली तरी ओरडावं असं दुखणं: यातलं काहीही दिसलं तर राउंडची वाट न पाहता सिस्टरना बोलवा.

पांझराकाठ (शनिवार, दुपारी)

डॉक्टरसाहेब, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. सकाळी राउंडला तुमचे प्रश्न वहीत लिहून नेले. जखमेला दोन टाके आहेत, कोरडी आहे, हाड दिसत नाही. डॉक्टरांनी मला जवळ बोलावून दाखवलं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला कातडी चिमटीत धरली की बारीक सुरकुत्या पडतात, आतल्या बाजूला अजून ताणलेली आणि चकचकीत आहे, चिमटीत येतच नाही. “इथेही अशा सुरकुत्या दिसल्या की मी तारीख देतो,” म्हणाले. आप्पांनी स्वतः वाकून पाहिलं, मग ॲम्ब्युलन्सचा विषय काढला नाही. सीडी आणि फोटो नाशिकला एका डॉक्टरांना पाठवलेत, तेही थांबा म्हणाले.

इन्सुलिन सुरू आहे, आज सकाळी १७२. तंबाखूची पुडी वहिनींनी गादीखालून काढून घेतली. दादा चिडले, पण पायाचं ऐकल्यावर कबूल झाले.

आता सांगा, इतके दिवस पलंगावर काय काळजी घ्यायची? वहिनी रात्रंदिवस तिथेच असतात, त्यांना समजेल असं लिहा.

सिस्टर_भुसावळ

ताई, मी बरीच वर्षं हाडांच्या वॉर्डात काम केलंय. वहिनींना सांगा, उशी पोटरीखाली ठेवायची आणि टाच हवेत मोकळी राहायला हवी, टाचेवर भार आला की तिथेच नवी जखम होते. पाय छातीपेक्षा थोडा वर. जेवताना, भेटायला आलेल्यांशी बोलताना पाय पलंगाखाली सोडून बसू द्यायचं नाही, दहा मिनिटांत सूज परत येते. फोड फोडायचे नाहीत, हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. सळया जिथून कातडीत शिरतात तिथे रोज स्वच्छ हाताने सलाईनच्या गॉजने पुसून घ्यायचं. पिवळं पाणी जास्त यायला लागलं किंवा सळईभोवती दुखायला लागलं तर लगेच सांगायचं, कारण प्लेट बसवण्याआधी ते छिद्र स्वच्छ असणं फार महत्त्वाचं.

दुखऱ्या पायाची बोटं आणि दुसरा पूर्ण पाय, जागे असतील तेव्हा दर तासाला हलवायला लावा. रक्त गोठू नये म्हणून पोटावर इंजेक्शन देत असतील तर ते चुकवू नका. खाण्यात अंडी, डाळ, दूध हवं. कातडी भरायला प्रथिनं लागतात आणि शुगरच्या भीतीने घरचे नेमकं तेच कमी करतात. भाकरी-भाजी नेहमीसारखी चालेल, केळी आणि चहातली साखर तेवढी आवरा.

आणि भेटायला येणारे कमी करा. गाव मोठ्या मायेने येतं, पण पलंगावर बसतं, पट्टीला हात लावून बघतं. वहिनींना सांगता येत नसेल तर आप्पांना दाराशी बसवा.

पांझराकाठ

हे सगळं प्रिंट काढून वहिनींना देतेय. आप्पा दाराशी बसायला तयार आहेत. सुरकुत्या दिसून तारीख मिळाली की इथेच लिहीन.