शब्दचर्चा: केक भाजतात, लावतात की बेक करतात?

दादरकर
रविवारी आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘केक भाजला गेलाय का बघ गं, सुरी घालून.’ भाचीला हसू आवरेना. म्हणे, केक म्हणजे काय भरताचं वांगं आहे का भाजायला? मला मात्र प्रश्न पडला. ‘भाजणे’ म्हटलं की वांगं, पापड, शेंगदाणे आठवतात. ‘शेकणे’ म्हटलं की पोळी, नाहीतर थंडीत शेकोटीपुढे धरलेले हात. मग ‘बेक करणे’ला आपलं क्रियापद कुठलं? तुमच्या घरी काय म्हणत? जुने, विसरलेले शब्दही चालतील.

गिरगावकर
आमच्याकडे केक ‘लावत’. कुकर लावतात, दही लावतात, तसाच. अल्युमिनियमचा तो गोल ओव्हन, झाकणाला काचेची खिडकी. त्याची वायर प्लगमध्ये गेली की आजीची घोषणा व्हायची: ‘केक लावलाय, कुणी इस्त्री लावू नका.’ कारण दोन्ही एकदम चालू झाले की फ्यूज उडायचा. कुकरच्या तळाशी वाळू पसरून, शिटी काढून केलेला केकसुद्धा ‘लावलेला’च. एकदा लावून दिलं की आपल्या हातात फारसं काही उरत नाही, ही छटा ‘लावणे’त आहे. ‘करणे’त नाही.

लालबागची
आमच्या चाळीत ओव्हन कुणाकडेच नव्हता, पण दिवाळीला नानकटाई घरोघरी. तिचा शब्द होता ‘भाजून आणणे’. दळण दळून आणतात तसं. मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन बेकरीत जायचं. काही बायका घरूनच पीठ मळून डब्यात न्यायच्या. तिथे काळ्या पडलेल्या पत्र्यांवर गोळे मांडायचे, मधोमध चारोळी दाबायची आणि आपला पत्रा भट्टीत जाताना नीट बघून ठेवायचा. नाहीतर शेजारणीची नानकटाई आपल्या डब्यात यायची. ‘पत्रा’ हाच शब्द, ‘ट्रे’ कुणी म्हणत नसे.

खरी कसोटी मात्र भट्टीच्या आधीची, आणि तिचा शब्द ‘फेसणे’. परातीत घट्ट तूप घ्यायचं आणि तळहाताने एकाच दिशेने घोळवत राहायचं. आधी ते पिवळट, रवाळ असतं. मग गुळगुळीत होतं, मग पांढरं, आणि हाताला एकदम हलकं लागायला लागतं. मगच आई साखर घालायची. तुपात पुरेशी हवा कोंडली गेली की ते हलकं होतं, आणि भट्टीत तीच हवा नानकटाई फुलवते. हे तेव्हा कुणी समजावून सांगत नसे. ‘तूप चढलं’ एवढंच म्हणत.

आणखी एक. नानकटाईला वर भेगा पडल्या तर ती ‘फुलली’. भेग पडणं ही तारीफ असलेला दुसरा पदार्थ मला तरी आठवत नाही. लाकडावरच्या भट्ट्याही आता हटतायत. 2025 मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना गॅससारख्या इंधनावर जायला सांगितलं. हवेसाठी बरंच झालं.

पार्लेकर
नानकटाई खुसखुशीत, खारी कुरकुरीत, ब्रून पाव कडक. या तिघांत गल्लत करणाऱ्याला चहासोबत काहीही देऊ नये.

ठाकूरद्वारची सून
भाजणे हे फक्त तव्यावर नाहीतर विस्तवावर, असं कोण म्हणतं? सासरी आम्ही पाठारे प्रभू. आमचं भानोलं ही मुंबईची किती जुनी गोष्ट! कोबी किंवा कोलंबी, बेसन, मसाला, सगळं पातेल्यात थापायचं. खाली मंद निखारे, झाकणावरही निखारे. याला ‘वर-खाली विस्तव ठेवणे’ म्हणतात. श्रावणात कायस्थांकडे होणारं गोड निनाव असंच व्हायचं, आणि कोकणातली तवसाची, म्हणजे काकडीची, धोंडससुद्धा. म्हणजे ओव्हन यायच्या कितीतरी आधी क्रिया होती. शब्द तेवढा एक ठरलेला नव्हता. आजेसासूबाई विद्युत ओव्हनचं बटण दाखवत विचारत, ‘ह्याला वरचा विस्तव आहे का?’ प्रश्न अगदी बिनतोड. काही स्वस्तातल्या ओव्हनला तो नसतो, म्हणून भानोलं वरून पांढरं राहतं.

वसईकर
वसईला पोर्तुगीज 1534 ला आले, 1739 ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. ‘पाव’ मात्र राहिला, तो शब्द त्यांचाच. आमच्या नाताळातले फुगे आंबवलेल्या पिठाचे, पण तळलेले, म्हणून या चर्चेत बसत नाहीत. पूर्वी पीठ फुगवायला ताडी वापरत. त्यामुळे ‘आंबणे’, ‘फुगणे’ हे शब्द आमच्याकडे भट्टीशी पक्के जोडलेले.

उलट बाजूही सांगतो. पावाला जेवढं भ्यायलं गेलं तेवढं दुसऱ्या कुठल्या खाण्याला क्वचितच. 1849 च्या सुमारास मुंबईत जातिभेद मोडायला निघालेल्या परमहंस सभेत सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. तेही गुपचूप. आणि त्या सभेच्या मुख्य मंडळींत होते दादोबा पांडुरंग, ज्यांचं मराठी व्याकरण 1836 ला छापलं गेलं. शब्दचर्चेत त्यांना एक पाव द्यायला हवा.

दादरकर
वा! भाचीला उत्तर मिळालं. मला वाटतं ‘भाजणे’च टिकावं. आपण विटा भाजतो, मडकी भाजतो, आणि तीही भट्टीत, चहूबाजूंनी धग लागेल अशीच. मग केकनेच काय घोडं मारलंय? ‘बेक करणे’ला विरोध नाही, पाककृती लिहिताना अंश सेल्सिअस आले की तोच सोयीचा पडतो. पण ‘भर्जन’, ‘भ्राष्ट्रपाक’ असलं काही घडवू नका, विनंती. एक शंका राहिली: फेसणे की फेटणे?

लालबागची
अंडी फेटायची, काट्याने, भरभर. तूप फेसायचं, हाताने, धीराने. मिश्रण तर नुसतं ‘ढवळायचं’. अंड्याचा केक फसला तर तो ‘बसला’, नानकटाई फसली तर ती ‘पसरली’. बसलेला केक पुडिंग म्हणून खपवता येतो. पसरलेल्या नानकटाईचं पुढे काय करायचं, कुणाला माहीत असेल तर सांगा.

गिरगावकर
चुरा करून श्रीखंडावर घाला. तेवढं पाप चालतं.