मदत हवी आहे: टेलिमेडिसिनसाठी (घरबसल्या व्हिडिओ-फोनवर डॉक्टर) स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, 2 आठवड्यांचा ठेवू की 4?

राजारामपुरीकर
4 स्प्रिंट झाले, पण अजून एकही पेशंट व्हिडिओवर आलेला नाही. सोमवारी ट्रस्टींना उत्तर द्यायचंय. दर स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम दाखवायला बसतो, तेव्हा ॲपची नवी स्क्रीन दिसते आणि डॉक्टर "बघू" म्हणून उठतात. स्प्रिंट 2 ऐवजी 4 आठवड्यांचा केला तर निभेल का? लवकर सांगा.

पंचगंगाकाठ
हॉस्पिटल केवढं? कुठला विभाग? पेशंट कुठले? काहीच लिहिलं नाही तुम्ही, सांगायचं कशावरून?

राजारामपुरीकर
60 खाटा. सगळे विभाग एकदम सुरू करायचेत. ॲप बाहेरून करून घेतोय.

कानबानवाला
स्क्रम, म्हणजे ही स्प्रिंटची पद्धत, सोडा. इमर्जन्सी आली की डॉक्टर उठणार आणि ठरवलेलं सगळं कोलमडणार. भिंतीवर तीन रकाने करा: करायचं, चालू, झालं. एका कामाला एक चिठ्ठी, 'चालू'मध्ये दोनच चिठ्ठ्या. आमच्या लॅबचे रिपोर्ट मोबाईलवर जायला लागले ते असंच.

स्प्रिंटप्रेमी
लॅब वेगळी, ओपीडी वेगळी. स्प्रिंट महिन्याभराचा चालतो, पण मग चूक महिन्यानं कळते. प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय आधी करायचं ते ठरवणारा, कोण आहे?

राजारामपुरीकर
मीच. आयटी बघतो. डॉक्टरांना वेळ नसतो.

स्प्रिंटप्रेमी
घोडं इथंच अडलंय. ज्यांना ते वापरायचंय त्यांच्यातलं कुणीच ठरवायला नाही. एक डॉक्टर, एक आजार, जुने 10 पेशंट. बाकीचे विभाग थांबवा.

कानबानवाला
म्हणजे दोनच चिठ्ठ्या. मी तेच म्हणत होतो.

सरकारी_सोय
एवढा खटाटोप कशाला? सरकारची ऑनलाइन ओपीडी, ई-संजीवनी, 2020 पासून घरबसल्या मोफत आहे.

पंचगंगाकाठ
तिथं सरकारी यंत्रणेतले डॉक्टर भेटतात. यांना स्वतःच्या डॉक्टरांची ओपीडी चालवायचीय.

गगनबावड्याचा
वडिलांना शुगर आहे. रिपोर्ट दाखवायचं काम पाच मिनिटांचं, पण एसटीनं येण्याजाण्यात अख्खा दिवस मोडतो. घरी व्हिडिओ अडकतो, फोन मात्र लागतो. नुसत्या फोनवर चालेल का? असेल तर आम्ही पहिल्या दहात येतो.

ओपीडीतली_डॉक्टर
चालतं. केंद्राच्या 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत व्हिडिओ, फोन आणि मजकूर तिन्ही धरलेत. पण कुठलं औषध कधी देता येतं त्याच्या त्यात याद्या आहेत: पहिल्यांदाच तपासताना यादी 'अ' मधली औषधं द्यायची तर व्हिडिओच लागतो. यादी 'ब' त्याच आजाराच्या फेरतपासणीला. एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखालची औषधं अजिबात नाहीत. म्हणून जुन्या पेशंटपासून सुरुवात सोपी. राजारामपुरीकर, या याद्या तुमच्या ॲपमध्ये आहेत का? डॉक्टर "बघू" म्हणतात त्यामागे ही भीती असते.

राजारामपुरीकर
नाहीत. कुणी बोललंच नाही.

शाहूपुरी_दुकानदार
सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका. 2019 च्या कोल्हापूरच्या पुरात आमच्या दुकानाचा हिशेबाचा कॉम्प्युटर गेला, बॅकअप नव्हता.

स्प्रिंटप्रेमी
दादा, विषय तो नाही.

शाहूपुरी_दुकानदार
शिरोलीला हायवे बंद होता तेव्हा पेशंट कसे पोचणार होते? घरी बसून डॉक्टर तेव्हाच लागतो. सर्व्हर पाण्यात गेला तर काय उपयोग?

राजारामपुरीकर
मधुमेहाच्या मॅडम तयार झाल्यात. मंगळवारी 3 ते 4, जुने 10 पेशंट, ज्यांच्याकडे रेंज नाही त्यांना फोन. याद्या घालायचं काम पहिल्या चिठ्ठीवर घेतलं, सर्व्हर वरच्या मजल्यावर हलवायचं दुसऱ्या. आता एकच सांगा: डॉक्टरांनी सही केलेल्या औषधाच्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालतो का?

ओपीडीतली_डॉक्टर
चालतो. त्यावर मॅडमचा नोंदणी क्रमांक हवा, प्रत रेकॉर्डला ठेवा. फी घेतली तर पावती द्या.

गगनबावड्याचा
मंगळवारी वडिलांसाठी नाव कुठं द्यायचं?