सल्ला हवा: माल परत मागवायची वेळ आली तर? (बजेट १० हजार)

चटणी_सिंहगडरोड: सुक्या चटण्या, मेतकूट करतो. माल वीसेक दुकानांत आणि मार्केट यार्डातल्या एका होलसेलरकडे जातो. आता एका सुपरमार्केटने लेखी रिकॉल प्लॅन (माल परत मागवायची योजना) मागितलाय. कुठली बॅच कुठे गेली हे पटकन कळायला काय घ्यावं? १० हजारांवर एक रुपया नाही.

भोसरी_बेकरी: सॉफ्टवेअर घ्या. आमचं ६५ हजारांचं, एक नंबर!

चटणी_सिंहगडरोड: दादा, बजेट १० आहे हो.

पेठेतला_पापड: कशाला खर्च? आमच्याकडे वडिलांपासून वही आहे. आजवर एक पाकीट परत आलं नाही.

मसाला_हडपसर: आलं नाही की कळलं नाही? आमच्या पॅकिंगवाल्याने जवसाच्या पाकिटांत दाण्याची चटणी भरली. लेबलवर शेंगदाण्याचं नाव नाही, म्हणजे ॲलर्जीवाल्याच्या जिवाशी खेळ. दिवसभराला एकच बॅच नंबर, म्हणून अख्ख्या दिवसाचा माल उचलावा लागला. नंबर घाण्यागणिक टाका.

भोसरी_बेकरी: सॉफ्टवेअर ते आपोआप करतं.

फूडटेक_कोथरूड: सुपरमार्केटने मागो न मागो, २०१७ च्या नियमांनुसार उत्पादकाकडे रिकॉल प्लॅन लागतोच. रिकॉल सुरू केला की २४ तासांत एफएसएसएआयला, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला, कळवायचं. तुमची खरी अडचण होलसेलर आहे. त्याने पुढे कोणाला दिलं ते तुम्हाला माहीतच नाही. त्याच्या बिलावर बॅच नंबर येऊ द्या. आणि रंगीत तालीम करा: दुकानातलं कुठलंही पाकीट उचला, दोन तासांत त्या घाण्याची बाकी पाकिटं आणि दाण्याचं पोतं कोणत्या व्यापाऱ्याचं, दोन्ही सापडलं पाहिजे. वही चालेल.

पेठेतला_पापड: तेच म्हणतोय मी, वही!

मसाला_हडपसर: परत आलेला माल वेगळा ठेवा, वर लाल पट्टी. २०१५ ला परत मागवलेली मॅगी सिमेंटच्या भट्ट्यांत जाळली होती.

पेठेतला_पापड: आमच्याकडे गोठ्यात देतात.

फूडटेक_कोथरूड: बुरशी लागलेला दाणा गाईला अजिबात नको. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, दुधात उतरतं.

भोसरी_बेकरी: होलसेलर मात्र सोडू नका, रोख पैसा असतो.

पेठेतला_पापड: हे मात्र खरं.

चटणी_सिंहगडरोड: आभार सगळ्यांचे. हातात धरायचा शाईचा प्रिंटर घेतला, ९,२०० ला. नंबर घाण्यागणिक, दुकानांची नोंद वहीत. होलसेलर बिलावर बॅच लिहायला तयार नाही, त्याला माल बंद केला.

पेठेतला_पापड: त्याचा फोन नंबर खाजगी निरोपात पाठवा ना. यार्डात आम्हाला एक हवाच होता.