क्षमा केली तरी रडू येतं, त्याबद्दल

वर एका ताईंनी विचारलंय, "वडिलांना क्षमा केली, तरी आठवणीनं रडू येतं, माझा विश्वास कमी पडतो का?" नाही हो ताई! मी मिरजेची. माझंही लहानपण घरातल्या टोचणाऱ्या बोलण्यात गेलं. कित्येक वर्षं 'क्षमा केली' म्हणत राहिले, पण नेमकं काय दुखलं ते देवाला कधी सांगितलंच नाही. मग चर्चच्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई दर बुधवारी माझ्याजवळ बसू लागल्या. उपदेश नाही, घाई नाही. एकेक प्रसंग प्रभूपुढे ठेवायचा, पोटभर रडायचं, क्षमेचा शब्द त्यानंतर. चार महिन्यांनी घरातला तो टोचणारा आवाज आठवला तरी छाती धडधडेना.

बायबलमधलं नीतिसूत्रे १८:१४ हेच विचारतं, की दुखणं माणूस सोसेल, पण घायाळ आत्मा कोण सोसणार? आणि स्तोत्र १४७:३ मध्ये देव जखमांना पट्टी बांधतो. पट्टी एकदा बांधून भागत नाही, ती बदलावीही लागते.

डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर प्रार्थनेसाठी त्या सोडू नका. आपल्या मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला तो याच विश्वासापोटी. वडिलांशी समोरासमोर बोलायचं मात्र सध्या राहू द्या.