काळ्या मातीच्या प्लॉटवर घरगुती कोर्ट: पाया किती खोल घ्यावा?

इंदूरवासी:
सप्रेम नमस्कार. इंदूरच्या बायपासपलीकडे आमचे घर असून मागे उत्तर-दक्षिण 65 फूट आणि पूर्व-पश्चिम 34 फूट अशी मोकळी जागा आहे. मुलांना बॅडमिंटन हवे आहे आणि आम्हां दोघांना अलीकडे पिकलबॉलचा (बॅट आणि छिद्रांच्या प्लास्टिक चेंडूने खेळायच्या, टेनिससारख्या खेळाचा) नाद लागला आहे. दोन्ही कोर्टांचे माप 44 बाय 20 फूट असेच असल्याने एकाच फरशीवर दोन्ही बसवण्याचा विचार आहे. ठेकेदाराचे म्हणणे असे की वरची फूटभर माती काढून, गिट्टी पसरून, चार इंच काँक्रीट ओतले की पंधरा दिवसांत अॅक्रिलिकचा रंग मारून कोर्ट तयार होईल. परंतु जमीन आपली माळव्याची काळी आहे. मे महिन्यात अंगणातल्या भेगेत मुलाची शाळेतली पट्टी अर्धी आत जाते. शेजारच्या वसाहतीत याच पद्धतीने केलेल्या कोर्टाला दुसऱ्याच उन्हाळ्यात आडवी फट गेली. पाया किती खोल घ्यावा आणि रंग केव्हा द्यावा? पूर्वेच्या कडेपासून बारा फुटांवर कडुनिंबाचे जुने झाड आहे, ते काढावे लागेल काय?

निवृत्त स्थापत्य अभियंता:
आपल्या ठेकेदाराने सुचवलेले काम मुरमाड जमिनीवर कदाचित चालून गेले असते, काळ्या मातीवर मात्र चालणार नाही. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ओलीची ही घटवाढ सुमारे साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते, म्हणूनच अशा जमिनीत इमारतींसाठी अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) तेवढे खोल नेतात. कोर्टासाठी तेवढा खर्च कोणी करणार नाही आणि करूही नये. येथे माती पूर्णपणे काढणे हा उद्देश नसून फरशीखालची ओल बारा महिने शक्य तितकी एकसारखी राखणे हा आहे.

त्यासाठी किमान अडीच ते तीन फूट काळी माती उपसावी, आणि हा खड्डा फरशीच्या कडेबाहेरही, जागा असेल तसा, तीन फुटांपर्यंत न्यावा. भराव चांगल्या मुरमाचा करावा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. नुसती गिट्टी किंवा वाळू भरण्याची चूक अनेकजण करतात. काळ्या मातीतला असा खड्डा म्हणजे जमिनीखालचा हौदच होतो: चार महिने पाणी त्यात साचून राहते आणि तळाची माती फुगवत बसते. मुरमावर चार इंच गिट्टी-चुरीचा थर, त्यावर जाड पॉलिथिन आणि त्यावर पाच इंच एम-25 (या मजबुतीच्या प्रतीचे) काँक्रीट घ्यावे. पॉलिथिन वगळू नये, कारण खालून वर येणारी वाफच पुढे अॅक्रिलिकला फोड आणते. काँक्रीट ओतल्यापासून चोवीस तासांच्या आत, साधारण चौदा-पंधरा फुटांवर, जाडीच्या चौथ्या हिस्स्याइतके खोल सांधे कटरने कापून घ्यावेत. काँक्रीट तडकणारच आहे, ते कोठे तडकावे हे आपण ठरवून द्यावे.

उतार शंभराला एक, सगळा एकाच बाजूला, रुंदीच्या दिशेने द्यावा. कोर्टाभोवतीची मोकळी जागा धरून फरशी 30 फूट रुंद घेतली तर तो साडेतीन इंचांपेक्षा किंचित जास्त भरतो आणि खेळताना जाणवत नाही. जाळीखाली उंचवटा ठेवून दोन्हीकडे उतार मात्र देऊ नये. आपली लांबी उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे सूर्य डोळ्यांत येण्याची चिंता नाही.

कडुनिंब तोडू नका. एवढे मोठे झाड आजूबाजूच्या मातीतली ओल सतत ओढून घेत असते. ते काढले की ती कोरडी माती पुन्हा पाणी पिऊन वर उचलते आणि कोर्टाची तीच बाजू फुगते. झाड आणि कोर्ट यांच्यामध्ये चार फूट खोल चर खणून त्यात जाड प्लास्टिकची चादर उभी बसवावी, म्हणजे मुळांना अडसर होईल. उन्हाळ्यात झाडाला झाडाच्या बाजूनेच पाणी घालावे.

वसाहतीच्या क्रीडा समितीचा सदस्य:
पायाविषयी अभियंतासाहेबांनी सांगितले त्यात मला भर घालायची नाही; रंग आणि देखभाल यांबाबत आमच्या वसाहतीत भोगलेले सांगतो. काँक्रीटवर निदान 28 दिवस रंग देऊ नये. आम्ही विसाव्या दिवशी दिला आणि पहिल्याच पावसाळ्यात पुरीसारखे फुगे आले. 28 दिवसांनंतरही दोन फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून घाम दिसला तर आणखी थांबावे. काँक्रीटचा पृष्ठभाग लोखंडी थापीने आरशासारखा घोटू देऊ नका, झाडूचा हलका खरखरीतपणा राहिला तरच रंग धरतो. रंगाआधी कोर्टावर पाणी सोडून तासाभराने फिरून पाहावे: जेथे नाणे बुडेल एवढे पाणी उरेल तेथे खडूने वर्तुळ काढून तो खळगा भरून घ्यावा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. मे महिन्याच्या दुपारी रंग पसरण्याआधीच सुकतो आणि पट्ट्यांचे डाग राहतात.

आता रेषा. बाहेरचे माप एकच असले तरी पिकलबॉलची किचनची (जाळीलगतच्या, चेंडू टप्पा न पडता मारता न येणाऱ्या पट्ट्याची) रेषा जाळीपासून 7 फुटांवर, तर बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिसची रेषा साडेसहा फुटांवर असते. दोन्ही पांढऱ्या असल्या की संध्याकाळी मुलांची भांडणे ठरलेली. आम्ही बॅडमिंटनच्या रेषा पिवळ्या केल्या तेव्हा शांतता झाली. जाळीही मध्यभागी बॅडमिंटनला 5 फूट आणि पिकलबॉलला 34 इंच लागते, म्हणून उंची बदलता येणारे खांब घ्यावेत. अर्थात उघड्यावर वाऱ्यात शटलचे काय होते, ते आपल्याला माहीत असेलच.

पावसाळ्यात उत्तरेच्या सावलीतल्या कोपऱ्यात शेवाळ धरते. नरम ब्रश आणि सौम्य साबणाने धुवावे, अॅसिड किंवा तारेचा ब्रश कधीही वापरू नये. कडुनिंबाचा पाला आणि निंबोळ्या रोज झाडाव्यात. चिरडलेल्या निंबोळीचा डाग जाता जात नाही.

इंदूरवासी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. ठेकेदाराला हे सांगितले, तर तो म्हणतो की तीन फूट उपसण्याऐवजी काँक्रीटमध्ये सळईची जाळी दुप्पट टाकू. हे चालेल काय?

निवृत्त स्थापत्य अभियंता:
नाही. जाळीमुळे फटी बारीक राहतात, पण खालची जमीन एका बाजूला उचलली गेली तर जाळीसकट फरशी तिरपी होते. पैसे कमी पडत असतील तर या वर्षी फक्त खुदाई, मुरूम आणि पाणी वाहून जायला कडेची नाली करून घ्या आणि एक पावसाळा जाऊ द्या. जेथे भराव दबेल तेथे मुरूम वाढवून रोलर फिरवा आणि दिवाळीनंतर काँक्रीट ओता. तोवर मुलांनी मुरमावर चुन्याच्या रेषा आखून खेळायला काहीच हरकत नाही.