मदत हवी आहे: एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) मशीनसाठी पैसे जमवतोय, निम्म्यावर अडकलंय

चाफेकळी:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. आम्ही काही आईवडील मिळून मशीनसाठी पैसे गोळा करतोय, निम्मे जमले आणि आता तीन आठवडे झाले आकडा हलतच नाहीये. ओळखीच्या सगळ्यांना मेसेज करून झाले, त्यांनाच परत परत कसं विचारणार? महिनाअखेरीच्या आत व्हायला हवं. अजून कुठे आणि कसं आवाहन करता येईल एवढंच सांगा, प्लीज लवकर.

हिशेबी:
कसलं मशीन? पैसे कुणाच्या खात्यात जमा होतायत? आणि महिनाअखेरच का? हे तुमच्या मेसेजमध्येही नसेल तर लोक थांबणारच.

निशिगंध:
क्राउडफंडिंगच्या साइटवर टाका, बाळाचा नळ्या लावलेला फोटो लावा, भराभर पैसे येतात. आमच्या सोसायटीत एकाच्या ऑपरेशनसाठी असंच केलं होतं.

चाफेकळी:
व्हेंटिलेटर, अजून काय असणार. खातं माझं आणि अजून एका बाबांचं जॉइंट आहे. महिनाअखेर कारण कोटेशन तेवढ्यापर्यंतच आहे. फोटो नको, ती बाळं दुसऱ्यांची आहेत.

जुनी सिस्टर:
ताई, व्हेंटिलेटर हवा असं हॉस्पिटलनी सांगितलं का तुम्ही ठरवलंत? मी एनआयसीयूत खूप वर्षं काढलीत म्हणून विचारते. कमी दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात सरफॅक्टंट, म्हणजे फुप्फुस उघडं ठेवणारा आतला पातळ थर, पुरेसं नसतं, त्यामुळे श्वास सोडला की हवेचे बारीक फुगे मिटून जातात आणि दर श्वासाला ते नव्याने उघडताना बाळ थकतं. पुष्कळ बाळांना नाकातून सतत थोडा दाब देणारं सीपॅप पुरतं, घशात नळी घालायची वेळच येत नाही. बबल सीपॅप तर इतकं साधं आहे की नळीचं दुसरं टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलं की साधारण तेवढ्या पाण्याइतकाच दाब मिळतो, बुडबुडे येतायत तोवर दाब आहे हे लांबूनही दिसतं. पण हवा आणि ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर आणि ती हवा दमट करणारा ह्युमिडिफायर सोबत हवाच.

पाऊलवाट:
मशीनच्या मागे लागण्याआधी कांगारू केअरचं बघा, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचं!! १९७८ साली बोगोटात डॉ. एडगर रे यांनी सुरू केलं तेच मुळी बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या (इन्क्युबेटर) पुरत नव्हत्या म्हणून. २०२२ पासून डब्ल्यूएचओ म्हणतं की जन्मल्यापासूनच सुरू करा, दिवसाचे ८ ते २४ तास. आरामखुर्च्या आणि बांधायचे पट्टे घेऊन द्या, तेवढ्या पैशात सगळा वॉर्ड होईल.

जुनी सिस्टर:
कांगारू केअर मी स्वतः शेकडो आयांना शिकवलंय, त्याला नाही म्हणत नाहीये. पण छातीशी धरलेल्या बाळाचा श्वास अडकायला लागला तर खुर्ची काय करणार?

पाऊलवाट:
अहो पण २०२१ चा अभ्यास आहे, भारतासकट पाच देशांतला, १ ते १.८ किलोची बाळं. लगेच सुरू केलं तर मृत्यू साधारण पाव हिश्श्याने कमी झाले.

जुनी सिस्टर:
हो, आणि त्या वॉर्डांत सीपॅपही होतं. दोन्ही लागतं.

वायरमन:
मी हॉस्पिटलची उपकरणं दुरुस्त करतो. दान आलेली मशीनं कोपऱ्यात धूळ खात पडलेली इतकी बघितलीत की आता बघवत नाहीत. अख्खं मशीन बिघडत नाही हो, छोटासाच एखादा सेन्सर जातो आणि त्याचे पैसे कुठल्याच खात्यात नसतात. कोटेशनमध्ये वॉरंटी किती, नंतरचा देखभालीचा करार आहे का, नवजात बाळाच्या मापाची सर्किटं (हवेच्या नळ्या) आणि नाकात बसणारे नेझल प्रॉंग किती, सिस्टरांना ट्रेनिंग कोण देणार, हे सगळं लिहून घ्या.

अवांतर गप्पा:
थोडं अवांतर. मार्टिन कूनी नावाच्या माणसाने १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या जत्रेत प्रीमॅच्युअर बाळं पेटीत ठेवून दाखवली, तिकीट २५ सेंट, आणि त्या तिकिटांवर बाळांचा सगळा खर्च चालायचा, आईवडलांकडून तो पैसा घेत नसे. हॉस्पिटलं तेव्हा या बाळांसाठी फारसं काही करत नव्हती.

निशिगंध:
मग मी फोटो लावा म्हटलं त्यात काय चुकलं?

हिशेबी:
आईवडलांची लेखी परवानगी असेल तर लावा. नसेल तर नाही.

मोरपीस:
बाळाच्या डोळ्यांची तपासणी केली का? साधारण चौथ्या आठवड्यात करून घ्यायची असते. ऑक्सिजन जास्त झाला तर दृष्टिपटलावर परिणाम होतो. आमच्याकडे उशिरा कळलं म्हणून लिहिलं.

चाफेकळी:
मोरपीस, झाली तपासणी, डोळे चांगले आहेत. तुमचं बाळ आता कसं आहे?
सगळ्यांना, थोडी चिडूनच उत्तरं दिली, माफ करा. माझी मुलगी २९ आठवड्यांची, ११०० ग्रॅमची. अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती. तिला तो लावला त्याच रात्री शेजारच्या बाळाला व्हेंटिलेटर शिल्लक नव्हता, त्याला दुसरीकडे नेताना मी पाहिलं. त्या आईची माझी परत भेट झाली नाही. म्हणून डोक्यात व्हेंटिलेटरच होता, कुणाला विचारावं हे सुचलंच नाही.

जुनी सिस्टर:
उद्याच जा. डॉक्टरांना भेटाच, पण रात्रपाळीच्या इन्चार्ज सिस्टरनाही विचारा.

चाफेकळी:
जाऊन आले. एक व्हेंटिलेटर स्टोअरमध्ये पडून आहे, हवेचा प्रवाह मोजणारा फ्लो सेन्सर नाही म्हणून. वायरमन, तुम्ही म्हणालात तसंच. त्यांना हवेत दोन बबल सीपॅप ब्लेंडरसकट, आणि रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचे बाळांच्या मापाचे प्रोब (हातापायाला लावायचे सेन्सर), कारण एकच प्रोब दोन बाळांना आलटून पालटून लावतायत. खुर्च्याही हव्यात, पाऊलवाट. जमलेल्या पैशात सीपॅप आणि सेन्सर बसतात, बाकीचं नाही. पण लोकांनी पैसे व्हेंटिलेटरसाठी दिलेत.

हिशेबी:
प्रत्येकाला कळवा, परत हवे असतील तर परत द्या. आणि पुढचे पैसे जॉइंट खात्यात नकोत, थेट हॉस्पिटलच्या नावाने, पावतीसकट.

चाफेकळी:
दोघांनी परत मागितले, दिले. बाकीच्यांसाठी मेसेज लिहिलाय, वाचून सांगा: "आपण दिलेल्या पैशातून व्हेंटिलेटरऐवजी दोन सीपॅप मशीन आणि बंद व्हेंटिलेटरचा सेन्सर घेत आहोत. आता अत्यावश्यक उपकरणांसाठी आणखी मदतीची गरज आहे."

वायरमन:
"अत्यावश्यक उपकरणं" काढा. सरळ लिहा, प्रोब इतके हवेत, एकाची किंमत इतकी. एक प्रोब कुणीही देऊ शकतो.

जुनी सिस्टर:
आणि एकच प्रोब दोन बाळांना लावतायत, ते वरती लिहा. सगळ्यात वरती.